शेवाळी, मुंबईच्या उपनगरांतील : निरीक्षण व अभ्यासाचा इतिहास

हरिता, यकृतका व शृंगका ह्या तीन गटांतील लहान, बीजहीन व वाहिनीवंत ऊतके नसलेल्या वनस्पतींना मिळून शेवाळी ही संज्ञा वापरली जाते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हरिता ह्या ‘मॉस’ व यकृतका ह्या ‘लिव्हरवर्ट’ ह्या नावांनी अधिक परिचित आहेत. प्रस्तुत नोंदीत साष्टी बेटावरील, म्हणजे पश्चिमेस अंधेरी ते बोरिवली व पूर्वेस घाटकोपर ते मुलुंड ह्या उपनगरांतील आणि त्यांच्या मधल्या डोंगराळ वनप्रदेशातील शेवाळींचे निरीक्षण, त्यांची ओळख पटविण्याच्या रीती आणि त्या अभ्यासाचा इतिहास यांचा विचार केला आहे. ह्या प्रदेशातील सपुष्प वनस्पती, पक्षी व फुलपाखरे यांवर विपुल लेखन झाले. शेवाळींच्या वाट्याला मात्र फार थोडे आले. ही उपेक्षा कशी घडली हे त्यांच्या इतिहासावरूनच समजते.

मराठी लोकव्यवहारात ‘शेवाळ’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. तळ्यातील हिरवा तवंग, विहिरीच्या पायऱ्यांवरचा निसरडा बुळबुळीत थर, पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतीवर उगवणारी मखमल आणि झाडाच्या सालीवरील राखी चकत्या ह्या सर्वांना एकच नाव मिळते. यांपैकी पहिली दोन बहुधा शैवले असतात. चौथी म्हणजे शैवाक किंवा दगडफूल असून ते कवक व शैवल यांच्या सहजीवनातून बनते; गोड्या मसाल्यातील दगडफूल ते हेच. मुंबईतील जुन्या इमारतींच्या ओलसर भिंतींवर व झाडांच्या बुंध्यांवर दिसणारा नारिंगी लेपही शेवाळीचा नसून ट्रेंटेपोलिया ह्या हरित शैवलाचा असतो; त्याच्या कोशिकांतील नारिंगी रंगद्रव्यामुळे हिरवा रंग झाकला जातो. भिंतीवरची मखमल तेवढी खरी हरिता. हा भेद केवळ नावापुरता नाही. शेवाळीच्या मखमलीला बोटाने हळूच विलग केले, तर प्रत्येक तंतू हे खोड व पाने असलेले स्वतंत्र झाड असल्याचे साध्या डोळ्यांनीही दिसते. शैवलाच्या थरात असे काही आढळत नाही.

प्रदेश व ऋतुमान : साष्टी बेटाचा पाया दख्खनच्या ज्वालामुखी खडकांचा आहे. अंधेरीची सु. ६० मी. उंचीची गिल्बर्ट टेकडी ही बेसाल्टच्या उभ्या स्तंभांची बनलेली असून, त्याच परिसरातील कोंदिविटे येथील महाकाली लेणी, जोगेश्वरीची लेणी, बोरिवलीजवळचे मंडपेश्वर आणि वनप्रदेशाच्या गाभ्यातील कान्हेरी ही सर्व ज्वालामुखी खडकांतच कोरलेली आहेत. ह्या डोंगरांची सर्वांत अधिक उंची पाचशे मीटरांच्या आत आहे. पाऊस वर्षाला सु. २,२०० ते २,५०० मिमी. पडतो, परंतु तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. उरलेल्या आठ महिन्यांत खडक तापतो, गवत वाळते आणि शेवाळी नाहीशा झाल्यासारख्या वाटतात.

त्या नाहीशा होत नाहीत. हरितांची पाने वाळून गुंडाळली जातात व पहिल्या सरीबरोबर काही मिनिटांत उलगडतात. यकृतकांपैकी रिक्सियासारख्या मातीवरील जाती बीजुकांच्या रूपाने जमिनीत राहतात, तर सायथोडियमच्या एका जातीत लहान कंदके उन्हाळा काढतात. हिमालयात किंवा महाबळेश्वरात जे पाहण्यास वर्षातील बराच काळ मिळतो, ते उपनगरांत जूनअखेर ते ऑक्टोबर एवढ्याच अवधीत उरकावे लागते. त्यातही ऐन जुलैत पावसामुळे वनात फिरणे अवघड आणि ऑक्टोबरच्या उन्हात पाहण्यासारखे थोडे उरते. येथील शेवाळींच्या अभ्यासात नेहमी पडत आलेल्या खंडाचे एक कारण असे ऋतूतच आहे.

वनाचा गाभा टिकण्याचे कारण मात्र पाणीपुरवठ्यात आहे. मुंबई बेटाला पाणी मिळावे म्हणून १८६० मध्ये विहार व १८७९ मध्ये तुळशी हे तलाव पूर्ण झाले आणि त्यांचे पाणलोट क्षेत्र वस्तीपासून व नांगरापासून अलग ठेवले गेले. पुढे कान्हेरीभोवतीचे वन कृष्णगिरी उपवन, बोरिवली राष्ट्रीय उद्यान व नंतर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ह्या नावांनी ओळखले गेले. त्याचे क्षेत्र सु. १०४ चौ. किमी. आहे. नळाच्या पाण्याच्या काळजीने राखलेल्या ह्या दऱ्यांत शेवाळींना आपोआप आश्रय मिळाला.

इतिहास : एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथांत शेवाळींना स्थान नाही. डॅलझेल व गिब्सन यांचा १८६१ मधील ग्रंथ आणि थीओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ ह्या काळात प्रसिद्ध केलेला इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ हे दोन्ही मुख्यतः सपुष्प वनस्पतींचे आहेत. ह्यात नवल नाही. इलाख्यातील वनस्पतींची पाहणी इमारती लाकूड, औषधे, धान्य व सारा ह्या गरजांच्या आधाराने वाढली. शेवाळींपासून सरकारास दमडीही मिळत नव्हती. भारतातील हरितांची पहिली मोठी जंत्री विल्यम मिटन ह्या ससेक्समधील औषधविक्रेत्याने १८५९ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या पत्रिकेतून प्रसिद्ध केली. यकृतकांवरील त्याचा लेख १८६१ मधील आहे. मिटनपुढे आलेले नमुने मुख्यत्वे हिमालय, खासी टेकड्या, निलगिरी व श्रीलंका येथील होते. कोकणपट्टी ह्या चित्रात कडेलाच राहिली.

मुंबईत अपुष्प वनस्पतींकडे लक्ष वेधणाऱ्या आरंभीच्या भारतीयांत कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (१८४९–१९१७) यांचे नाव घ्यावे लागते. ते सैन्याच्या वैद्यकीय सेवेतील अधिकारी होते. टेनिसनच्या ‘द प्रिन्सेस’ ह्या काव्यावर आधारलेल्या ‘इंदिरा’ (१८८४) ह्या काव्यामुळे मराठी वाचकांस ते कवी म्हणूनही ठाऊक आहेत. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पत्रिकेत त्यांनी विषारी वनस्पती, कवके व शैवले यांवर लेख लिहिले. बामनदास बसू यांच्यासह तयार केलेला त्यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९१८ मध्ये निघाला व त्यामुळेच ते आज ओळखले जातात. परंतु दगडावरची, लाकडावरची व पाण्यातली बारीक वनस्पती हीही अभ्यासाची वस्तू आहे, ही दृष्टी शहरातील वाचकवर्गात रुजविण्यातील त्यांचा वाटा औषधींवरील कार्याइतकाच मोलाचा मानावा लागेल.

हरितांचा पद्धतशीर संग्रह करण्याचे काम लेनर्ड जॉन सेजविक (१८८३–१९२५) यांनी केले. ते सनदी अधिकारी होते आणि १९२१ च्या जनगणनेत मुंबई इलाख्याचे अधीक्षक म्हणून त्या वर्षाचा इलाख्याचा अहवाल त्यांच्या नावावर आहे. वनखात्यातील टी. आर. डी. बेल यांच्यासमवेत त्यांनी उत्तर कानडा जिल्ह्यात व अन्यत्र सपुष्प वनस्पती गोळा केल्या. पण दौऱ्यावर असताना खडक व झाडांच्या साली न्याहाळण्याची त्यांना विशेष आवड होती. गोळा केलेल्या हरिता त्यांनी इंग्लंडमधील ह्यू नेव्हिल डिक्सन (१८६१–१९४४) यांच्याकडे ओळख पटविण्यासाठी धाडल्या. डिक्सन हे नॉर्‌दॅम्प्टन येथे मूकबधिर मुलांची शाळा चालवीत. वनस्पतिविज्ञान हा त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय नव्हता. तरीही ब्रिटनमधील हरितांवरील त्यांचा १८९६ चा विद्यार्थ्यांसाठीचा ग्रंथ दीर्घकाळ प्रमाण मानला गेला आणि जगभरचे संग्राहक त्यांच्याकडे पुडक्या पाठवीत. सेजविक यांच्या पुडक्यांवर आधारलेला मुंबईच्या हरितांवरील त्यांचा लेख १९२१ मध्ये भारतीय वनस्पतिविज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. माणसांची गणती आणि हरितांची यादी अशी एकाच अधिकाऱ्याच्या हातची दोन कामे एकाच वर्षाशी जोडली गेली, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. जूल कार्डो ह्या फ्रेंच तज्ञासह डिक्सन यांनी स्थापलेल्या ब्रायोसेजविकिया ह्या प्रजातीत सेजविक यांचे नाव गोवले गेले व तिच्यातील एका जातीच्या नावात—ब्रायोसेजविकिया कीर्तिकरी—कीर्तिकर हे मराठी आडनाव लॅटिन प्रत्यय लेवून उभे राहिले. नामकरणाच्या पुढील उलथापालथीत ह्या प्रजातीतील ऑरिया ही जाती प्लॅटिगिरिएला ह्या प्रजातीत गेली आहे.

डिक्सन यांच्या लेखाच्या शीर्षकातील ‘बाँबे’ ह्या शब्दाने वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. तेथे अभिप्रेत आहे तो इलाखा. त्याची व्याप्ती सिंधपासून कानड्यापर्यंत होती. ज्या ठिकाणी आज मुंबई उपनगर जिल्हा आहे तो साष्टी तालुका ठाणे जिल्ह्याचा भाग होता. १९२० मध्ये त्यातून उपनगर जिल्हा निराळा करण्यात आला. १९५० मध्ये अंधेरी व घाटकोपरपर्यंतची आणि १९५७ मध्ये बोरिवली व मुलुंडसह दहिसरपर्यंतची उपनगरे बृहन्मुंबईत आली. स्वतंत्र मुंबई उपनगर जिल्हा पुन्हा १९९० मध्ये झाला. ‘ठाणा’, ‘साल्सेट’ किंवा नुसते ‘बाँबे’ असे लिहिलेली जुनी चिठ्ठी हाती आल्यास तो नमुना कान्हेरीच्या पोढीवरचा, अंबरनाथच्या नाल्यातला की खंडाळ्याच्या घाटातला, हे केवळ त्या शब्दावरून सांगता येत नाही. उपनगरांच्या जुन्या वनस्पतींविषयी लिहिताना अनेकांनी ही खबरदारी घेतलेली नाही आणि त्यामुळे घाटावरच्या जाती साष्टीच्या यादीत व साष्टीच्या घाटावर जाऊन बसण्याचा धोका कायम राहिला.

यकृतकांचा इतिहास काहीसा निराळा आहे. त्यांत भारतीय अध्यापक आरंभापासून पुढे होते. लाहोरचे शिवराम कश्यप (१८८२–१९३४) यांनी पश्चिम हिमालय व पंजाबच्या मैदानातील यकृतकांवरील ग्रंथाचे दोन भाग १९२९ व १९३२ मध्ये प्रसिद्ध केले आणि ओल्या मातीवरच्या ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या वनस्पती महाविद्यालयीन प्रयोगशाळेत आणून बसविल्या. पश्चिम भारतात हा वारसा ए. आर. चव्हाण व त्र्यं. शं. महाबळे यांनी चालविला. चव्हाण यांनी १९३० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यातील यकृतकांचा परिस्थितिविज्ञानदृष्ट्या अभ्यास केला. बडोद्याच्या नावावरून त्यांनी सायथोडियमच्या एका जातीस बॅरोडी हे नाव दिले. पुढे ते बडोदे विद्यापीठात व महाबळे पुणे विद्यापीठात वनस्पतिविज्ञानाचे प्राध्यापक होते. गुजरातमधील यकृतकांवर दोघांनी मिळून १९५४ मध्ये लेखन केले.

रिक्सिया, अँथोसिरॉस व फ्युनेरिया ही नावे अभ्यासक्रमात आली, तेव्हापासून मुंबईतील महाविद्यालयांच्या पावसाळी सहली बोरिवली, कान्हेरी व खंडाळा ह्या ठिकाणी जाऊ लागल्या. ह्या सहलींनी अनेक पिढ्यांना शेवाळी प्रत्यक्ष दाखविल्या, हे त्यांचे श्रेय आहे. परंतु प्रयोगवहीत आकृती निघाली की पुडकी फेकून देण्याची चाल पडली. वर्षानुवर्षे एकाच ओढ्याकाठी शेकडो विद्यार्थ्यांनी पाहिलेली वनस्पती कोणत्या तारखेस व नेमकी कोठे होती, याची लेखी खूण बहुधा मागे उरली नाही. हे नुकसान आता भरून येण्यासारखे नाही.

संग्रहालयांच्या बाबतीत मुंबई अगदीच दरिद्री नव्हती. सेंट झेव्हियर्स महाविद्यालयात एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७–१९३४) ह्या स्विस जेझुइट अध्यापकांनी १९०६ मध्ये उभारलेल्या वनस्पतिसंग्रहास आज त्यांचेच नाव आहे व सेजविक यांचे वनस्पतींचे नमुने तेथे आले. ब्लॅटर व द’अल्मेडा यांचा मुंबईच्या नेच्यांवरील ग्रंथ १९२२ मध्ये निघाला. अपुष्प वनस्पतींपैकी नेच्यांना लाभलेले हे भाग्य शेवाळींना लाभले नाही. हेर्मेनेगिल्ड सांतापाव व रांदेरिया यांनी १९५५ मध्ये कृष्णगिरी उद्यानाच्या वनस्पतींचे जे समन्वेषण प्रसिद्ध केले, तेही मुख्यतः सपुष्प वनस्पतींचे होते. त्याच वर्षी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम मंडल पुणे येथे सुरू झाले. हरितांची ओळख पटविण्यास लागणारी भारतीय साधने ह्यानंतर हाती आली : पॉल ब्रूल यांच्या १९३१ मधील यादीनंतर गांगुली यांचा पूर्व भारतातील हरितांवरील अनेक भागांतील ग्रंथ (१९६९–८०) आणि रा. स. चोप्रा यांचा भारतीय हरितांच्या वर्गीकरणावरील ग्रंथ (१९७५). साष्टीला सर्वांत जवळचे म्हणता येईल असे काम जी. टी. दाभाडे यांचे असून खंडाळा व महाबळेश्वर येथील हरितांवरील त्यांचा ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. घाटमाथ्याच्या धुक्यातील जाती मात्र समुद्रसपाटीजवळच्या उपनगरांत जशाच्या तशा सापडतील असे गृहीत धरता येत नाही.

निरीक्षण व ओळख : साधने मोजकीच लागतात. दहापट मोठे दाखविणारे भिंग, बोथट सुरी, जुन्या वर्तमानपत्राच्या घडी केलेल्या पुडक्या आणि पेन्सिल. पाण्याची लहान कुपी हवीच. वाळलेली हरिता तिच्यात बुडविल्याखेरीज तिच्या पानांविषयी काहीही बोलू नये. बीजुककोश असलेला नमुना मिळेपर्यंत घाई करू नये, असे जुने संग्राहक सांगत व ते योग्य आहे. बऱ्याच हरितांची जाती पानांवरून ठरत नाही, कोशाच्या तोंडाभोवतीचे दात पाहावे लागतात.

उपनगरांतील पहिला धडा घराजवळच्या भिंतीवर मिळतो. जुन्या दगडी कुंपणावर, चुन्याच्या गिलाव्यावर व नळाखालच्या ओट्यावर हायोफिला ही हरिता दाट हिरवे गालिचे करते. कोरडी असताना तिच्या पानांच्या कडा आत वळून पान नळीसारखे होते. पाणी पडताच ती ताऱ्यासारखी उघडते. हे उलगडणे भिंगाखाली पाहिलेला मनुष्य पुन्हा हायोफिला चुकत नाही. तिच्या शेजारीच सेमिबार्बुला असते. ती अधिक बुटकी असून तिची पाने वाळल्यावर पिळवटतात. कौलांवर व कुंड्यांच्या काठांवर ब्रायमचे गुच्छ आढळतात. त्यांचे बीजुककोश लोंबते, उलट्या लहान पेरूसारखे दिसतात आणि पानातील कोशिका लांबट असल्याने भिंगाखाली जाळी स्पष्ट दिसते. ओलसर मातीच्या बांधावर, पायवाटेच्या कापलेल्या कडेवर फिसिडेन्स शोधावी. तिची पाने खोडाच्या दोन्ही बाजूंस एकाच पातळीत असून सबंध झाड लहानशा पिसासारखे दिसते, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी दुसऱ्या पानाला कवेत घेणारा खिसा असतो. असा खिसा अन्य हरितांत नसल्याने ही प्रजाती ओळखण्यात नवशिक्याचीही चूक होत नाही. तिच्यातील जाती ठरविणे हे मात्र तज्ञालाही घाम फोडणारे काम आहे.

यकृतका पाहण्यास मातीकडे व खडकाच्या सावलीकडे वळावे लागते. पावसाळ्याच्या मध्यास आरे परिसरातील उघड्या रानात, मैदानांच्या कडेला व भातखाचरांच्या बांधांवर रिक्सियाची हिरवी किंवा जांभळट किनारीची चक्रे जमिनीस चिकटलेली असतात. तिचे कायक दोन-दोन फाटे फोडीत वाढते व प्रत्येक फाट्याच्या मध्यावर चर असतो. हिचे बीजुककोश वर येत नाहीत, कायकातच बुडालेले राहतात. त्यामुळे ‘हिला फळ नाही’ असे वाटते. कायक आडवे कापले की काळी बीजुके दिसतात. खाचरांतच सप्टेंबरच्या सुमारास शृंगका उगवतात. अँथोसिरॉसच्या गडद, मऊ कायकातून हिरवी शिंगे उभी राहतात आणि टोकाकडून चिरत जाऊन त्यांतून बीजुके बाहेर पडतात. नोटोथायलासची शिंगे आखूड व जवळजवळ आडवी असतात. दोहोंच्या कायकात नीलहरित शैवलांचे ठिपके भिंगाने दिसतात.

खडकांच्या कपारीत आणखी तीन प्रकार ओळखता येतात. प्लॅजिओकॅस्माचे चिवट कायक उन्हात गुंडाळले जाऊन त्याच्या खालचे जांभळे खवले वर दिसू लागतात. टार्जिओनियाच्या कायकाच्या टोकाखाली शिंपल्यासारखी दोन काळपट झडपांची पेटी असते. ॲस्टरेलाला देठावरची लहान छत्री व तिच्याखाली पांढरी, उसवलेल्या झालरीसारखी वेष्टने येतात. चौथा प्रकार सर्वांत सुंदर आहे व तो पाहण्यास वाकावे लागते. लेण्यांच्या तोंडाशी, पोढ्यांच्या आतल्या बाजूस, दगडी पुलांच्या कमानींखाली, जेथे दुसरी हिरवी वनस्पती क्वचितच टिकते अशा अंधुक जागी सायथोडियमचे अत्यंत पातळ कायक पसरते. ठरावीक कोनातून पाहिल्यास ते सोनेरी-हिरव्या तेजाने चमकते. जरा बाजूस सरकले की चमक जाते. हा प्रकाश त्या वनस्पतीचा स्वतःचा नसून बाहेरून आलेला क्षीण उजेड तिच्या कोशिकांवरून परतल्याने असे दिसते. पर्णयुक्त यकृतका, विशेषतः लेज्यूनिया, ह्या दाट झाडीतल्या सालींवर चापट लोंबत्या धाग्यांप्रमाणे असून त्या हरितांपासून ओळखण्याची खूण म्हणजे पानाच्या खालच्या बाजूस दुमडलेली लहान पाळी व पानात मध्यशिरेचा अभाव.

बदलती स्थिती : उपनगरांतील शेवाळींच्या जागा दोन तऱ्हेच्या आहेत. पहिली माणसाने नकळत निर्माण केलेली : चुन्याच्या भिंती, कौले, विहिरींचे कठडे, मरोळ व आंबोलीसारख्या गावठाणांतील दगडी क्रूस व जोती. चुन्याची जागा सिमेंट व रंगलेपांनी आणि कौलांची जागा पत्रे व गच्च्या यांनी घेतल्यावर ह्या जागा आकसल्या. तरी हायोफिलासारख्या काटक जाती सिमेंटवरही तग धरतात. दुसरी तऱ्हा वनातील ओढे, जुन्या झाडांच्या साली व सावलीतील खडक यांची. तेथील जातींना पर्याय नसतो. अंधेरी ते कांदिवली पट्ट्यात व पूर्वेकडील टेकड्यांवर चाललेल्या दगडखाणींनी अनेक कपारी उघड्या पडल्या. आरे परिसरात ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या आगारासाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा प्रत्येक झाडाची नोंद आकड्याने झाली; त्या सालींवर काय होते हे कोणत्याही यादीत आले नाही. २०२०–२१ मध्ये त्याच परिसरातील सु. ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून वेगळी काढण्यात आली. प्राचीन लेण्यांच्या बाबतीत निराळी अडचण आहे. शेवाळींमुळे शिल्पांचा दगड ओला राहून झिजतो, म्हणून पुरातत्त्वज्ञांना त्या काढाव्या लागतात आणि ते अयोग्य म्हणता येणार नाही; खरवडण्यापूर्वी एक पुडकी बाजूस ठेवण्यास मात्र खर्च येत नाही.

पुडकीचे मोल पुष्कळदा कमी लेखले जाते. शेवाळींना मुळे नसल्याने त्या पाणी व खनिजे सर्वांगाने, मुख्यतः पावसातून व धुळीतून घेतात आणि हवेतील जड धातू त्यांच्या ऊतकांत साठून राहतात. स्वीडनमध्ये रूलिंग व ट्यूलर यांनी १९६८ मध्ये संग्रहालयांतील शंभर वर्षांच्या हरितांचे विश्लेषण करून हवेतील शिशाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कसे वाढले ते दाखविले. यूरोपात ह्या रीतीने पुढे अनेक देशांची पाहणी झाली. वाळलेल्या हरितेस कीड सहसा लागत नाही. १९१० च्या सुमारास बांधलेली पुडकी आजही पाण्यात टाकताच उलगडते. डिक्सन यांच्याकडे गेलेल्या पुडक्या लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात जपल्या आहेत. उपनगरांत मोटारी येण्यापूर्वीची, कारखाने वाढल्यानंतरची आणि २००० मध्ये भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबल्यानंतरची अशा तीन काळांतील एकाच भिंतीवरची हायोफिला समोर ठेवता आली, तर घाटकोपर किंवा अंधेरीच्या हवेचा शतकाचा हिशेब मांडता येईल. त्यासाठी प्रत्येक पुडकीवर तारीख, जागेचे सध्याचे व जुने नाव, भिंत, माती, साल की खडक, उन्हाची दिशा आणि संग्राहकाचे नाव एवढे पेन्सिलीने लिहिलेले असावे लागते. शाई ओलाव्यात पसरते.

[→ कवक, कान्हेरी, नेचे, यकृतका, शैवले, शैवाक, हरिता.]